एक जण राहिला आहे

"तारीख?" मी विचारलं.

"तारीख राहू द्या," गुलाबराव बोढे म्हणाले. "तारीख काय, कवाबी टाकता येते. सही महत्त्वाची."

त्यांच्या ओसरीवर आम्ही चौघे होतो. गुलाबराव खुर्चीत, खैरडोहच्या ग्रामपंचायतीत बावीस वर्षं त्यांचा शब्द चालत आला होता आणि त्यांतली सतरा वर्षं ते स्वतः सरपंच होते. त्यांच्यासमोर खांबाशी लेतूबाई आत्राम उभी होती. मोहदरा पोडातली, कोलाम, वय तिशीच्या आसपास, चौथीपर्यंत शिकलेली. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. ही गावापासून दीड कोसावर, टेकडीच्या पोटाशी, एकतीस घरांची. खालच्या पायरीवर ग्रामसेवक हिवरकर मांडीवर फाइल घेऊन बसले होते. चौथा मी. पुण्यातल्या एका संस्थेत 'राखीव जागा आणि स्थानिक लोकशाही' या विषयावर प्रबंध लिहीत होतो, आणि पोडात राहायला येऊन मला अकरा महिने झाले होते.

कागद टंकलिखित होता. वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना मी सरपंचपदाचा राजीनामा देत आहे, असा त्याचा आशय. त्या वर्षी खैरडोहचं सरपंचपद अनुसूचित जमातीच्या स्त्रीसाठी राखीव झालं होतं, आणि सात सदस्यांत तशी एकटी लेतूबाईच होती. सरपंचाची निवड परवा व्हायची होती.

लेतूबाईने कागद वाचला. ओठ हलवत, ओळीखाली बोट फिरवत, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत.

"म्हंजे आधी जायचं लिवायचं, मंग यायचं?"

गुलाबराव मोकळेपणाने हसले. "अवं, रीत हाय ही. सगळेच देतेत. माह्या चुलतभावाकडूनबी घेतला होता मी. इचार हिवरकरले."

"घेतला होता," हिवरकर फाइलकडे बघत म्हणाले.

"त्याचं काय केलं मंग?"

"काय करायचं? आलमारीत हाय. तो चांगला वागला."

लेतूबाईने कागदावरचं बोट काढलं. मग म्हणाली, "मी पोडाले इचारून सांगीन."

"सहीले काय इचारतं? पोडानंच उभी केली ना तुले? अन् बिनविरोध कोनामुळं आली? माह्या सालदाराची बायको गोंड हाय. तिचा फार्म भरला असता मी, तं आज ती इथं उभी असती. भरला का?"

"नाही भरला."

"मंग?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, असं राह्यते का?"

"कायद्यात असं काही नाही," मी म्हणालो. "पण तशी पद्धत पडलेली दिसते."

हे वाक्य मी पुढे अनेक वर्षं तपासून पाहिलं आहे. त्यात एकही शब्द चुकीचा नाही.

तिने सही केली. दोन साक्षीदार लागत होते. पहिल्या साक्षीदाराची, म्हणजे गुलाबरावांच्या भाच्याची, सही आधीच झालेली होती. तो त्या दिवशी गावात नव्हता. "दुसरी शिकल्या मानसाची पाह्यजे," गुलाबरावांनी पेन माझ्यापुढे धरलं. "करा, डॉक्टर."

"अजून डॉक्टर झालो नाही."

"होनारच हाय ना. ते पंधरा सालांचे ठरावाचे रजिस्टर पाह्यजे म्हनत होते ना तुमी? हिवरकर, सरांले किल्ली देऊन टाका आलमारीची."

त्यात धमकी नव्हती, सौदाही नव्हता; निदान शब्दांत नव्हता. मी सही केली. मी तिथे होतो, मी पाहिलं होतं, म्हणजे मी साक्षीदार होतोच. आमच्या विद्याशाखेत याला सहभागी निरीक्षण म्हणतात.

*

लेतूबाई सरपंच झाली आणि गुलाबराव उपसरपंच. पहिल्याच मासिक सभेत तिच्यासमोर विषय आला तो पाण्याच्या टाकीच्या जागेचा. सगळे सदस्य तिच्याकडे पाहू लागले, कारण सही तिची लागणार होती. ती म्हणाली, "पोडाले इचारून सांगीन." सभागृहात हशा पिकला. दुसऱ्या सभेत तेच, तिसऱ्या सभेत तेच. "सरपंचबाई, चहा घेता का, की पोडाले इचारता?" असं सदस्य तिला विचारू लागले. तीही हसायची आणि चहा घ्यायची.

मोहदरा पोडाची एक रीत होती. इतर पोडांत ती तशीच असेल असा दावा मी प्रबंधातही केलेला नाही. ठरवायचं काही निघालं की दिवस कलताना सगळे मोहाच्या झाडाखाली बसत. हात वर करणं नाही, डोकी मोजणं नाही. प्रत्येक चुलीमागे एक जण आपलं म्हणणं सांगे; बाई सांगे किंवा बापई, त्याला महत्त्व नव्हतं. सगळ्यांचं एक झालं की ठरलं. नाही झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. कधी सगळ्यांचं होई आणि एकाचं राही. तेव्हा नाईक, म्हणजे पोडाचे प्रमुख पोतू टेकाम, उठताना एवढंच म्हणत: "एक जण राहिला आहे." मग सगळे घरी जात. राहिलेल्याचं नाव कोणी घेत नसे, त्याला कोणी काही विचारतही नसे.

मी नाईकांना एकदा याचं कारण विचारलं होतं.

"नाव घेतलं का तो लाजून हो म्हनते," ते म्हणाले. "लाजून म्हनलेलं हो काय कामाचं?"

मी जवळजवळ धावत झोपडीत गेलो आणि ते वाक्य लिहून काढलं. त्यावर माझ्या प्रबंधात चार पानं आहेत. बहुमताच्या हिशेबी लोकशाहीला हा केवढा मूलगामी पर्याय आहे, अशा अर्थाची ती पानं आहेत. परदेशातल्या दोन अभ्यासकांनी ती उद्धृत केली आहेत.

लेतूबाईला मात्र तो पर्याय वगैरे वाटत नव्हता. तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. पोडाने तिला पाठवलं होतं, म्हणून ती गेली होती. पोडाला न विचारता 'हो' म्हणणं तिला जितकं विचित्र वाटे, तितकंच न विचारता 'नाही' म्हणणंही.

पाच महिन्यांनी गिट्टी क्रशरचा विषय आला. टेकडीलगतची ई-क्लास जमीन, म्हणजे गुरं चारायची सरकारी पडीक जमीन, खडी फोडायच्या कारखान्यासाठी द्यायला पंचायतीची हरकत नाही, असा ठराव हवा होता. अर्जदार गुलाबरावांचा जावई होता. त्या जमिनीच्या वरच्या अंगाला पोडाचा झिरा होता. उन्हाळ्यात एकतीस घरं त्या एका पाझरावर जगत. सुरुंग लागले की खडक हलणार आणि पाणी वाट बदलणार, हे पोडातलं शेंबडं पोरही सांगू शकत होतं.

लेतूबाई म्हणाली, "पोडाले इचारून सांगीन."

या वेळी कोणी हसलं नाही.

पोड तीन आठवडे बसलं. देवू मडावी नावाच्या म्हाताऱ्याची दोन मुलं रिकामी होती. खदानीवर त्यांना काम मिळेल असं त्याला वाटत होतं. त्याचं राहिलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बाविसाव्या दिवशी तो आपण होऊन म्हणाला, "पोरं दुसरीकडं जातीन. पानी दुसरीकडून येनार नाही." पुढच्या मासिक सभेत लेतूबाईने सांगितलं, "पोड नाही म्हनते." हिवरकरांनी पेन टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं आणि ते इतिवृत्तात लिहिलं. मी पंधरा वर्षांची इतिवृत्तं वाचलेली होती. पोडाचा नकार त्यांत पहिल्यांदाच येत होता.

त्यानंतर नवव्या दिवशी विशेष सभेची नोटीस निघाली.

*

पंचायत समितीच्या सभापतींकडून आलेलं पत्र हिवरकरांनी उभं राहून वाचलं. वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना. खाली तारीख होती. दहा दिवसांपूर्वीची, शाई ताजी.

"बाई, सही तुमची आहे?"

लेतूबाईने कागद हातात घेतला. "माहीच हाय. पन हे तं—" तिने मान वळवली. मी मागे, रजिस्टरांच्या आलमारीशी, माझ्या नेहमीच्या खुर्चीत वही उघडून बसलो होतो.

"दुसरे साक्षीदार इथंच हायेत की," गुलाबराव म्हणाले. "इचारून घ्या."

"सर, ही सही तुमची?"

"माझी," मी उभं राहून म्हणालो.

हिवरकर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना मी आणखी काही बोलायला हवं होतं. तो माणूस वाईट नव्हता. त्याला दोन मुली होत्या आणि बदलीची भीती होती. मला कसली भीती होती ते सांगायला मला आज अधिक वेळ लागतो. खोटी तारीख पडणाऱ्या कागदावर मी साक्षीदार म्हणून सही केली, हे त्या सभागृहात म्हटलं असतं तर ते इतिवृत्तात गेलं असतं. इतिवृत्त हे माझं प्राथमिक साधन होतं, आणि प्रबंधलेखक स्वतःच्या साधनांत आरोपी म्हणून सापडलेलं कोणत्याही मार्गदर्शकाला आवडत नाही. शिवाय आलमारीची किल्ली माझ्या खिशात होती.

"बसा," गुलाबराव मला म्हणाले.

हिवरकरांनी कायदा वाचून दाखवला. राजीनामा खरा नाही असं सरपंचाचं म्हणणं असेल तर आजपासून सात दिवसांत कलेक्टरकडे लेखी तक्रार करता येईल. न केल्यास राजीनामा अंमलात येईल. मग त्यांनी कायदा बंद केला आणि साध्या भाषेत विचारलं, "बाई, तुमची तक्रार आहे का? आत्ता सांगितलं तरी मी लिहून घेतो."

मी वहीवर पेन टेकवलं. ती एक शब्द बोलली असती तरी पुरत होतं.

"पोडाले इचारून सांगीन," लेतूबाई म्हणाली.

हशा पिकला. गुलाबराव मात्र प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "इचार, इचार. सात दिवस हायेत. तुमच्या पोडाले सात दिवसांत काय होते म्हना. तिथं भाजीत मीठ घालाले महिना लागते."

परतीच्या वाटेवर आम्ही दोघंच होतो. मी तिला म्हणालो की तू तिथेच 'नाही' म्हणायला हवं होतंस.

"पद माहं नाही ना, सर. पोडाचं हाय. ठेवायचं का सोडायचं, मी एकली कशी सांगू?"

पळसाच्या झाडांपाशी वाट चढणीला लागते, तिथे ती म्हणाली, "तुमी तारखेचं सांगतलं नाही."

"मला कोणी विचारलं नाही."

तिने यावर विचार केला. "व्हय," ती म्हणाली. "इचारलं नाही कोनी."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हे मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं.

*

पोड त्याच संध्याकाळी बसलं. मी नेहमीसारखा बाजूच्या दगडावर बसून लिहीत होतो. पहिल्या दिवशी वीस-बावीस जणांचं झालं: सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी काहींचं. तिसऱ्या संध्याकाळी नाईक उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "एक जण राहिला आहे."

पोड नावं घेत नाही म्हणून मीही वहीत नुसती मतं लिहीत होतो, नावं नाही. मी देवू मडावीकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत विडी विझवत होता. मला म्हाताऱ्याची चीड आली. पण ती चीड मी वहीत उतरवली नाही, कारण ती निरीक्षणात बसत नव्हती.

तक्रारीचा अर्ज मी स्वतः टंकित करून ठेवला होता. दोन प्रती, योग्य कलमासह. लेतूबाईची सही तेवढी बाकी होती. राजीनामा निवडीच्या आधीच घेतला गेला होता, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. दुसरा साक्षीदार कोण, याचा उल्लेख मात्र अनावश्यक म्हणून गाळला होता. अर्जाची भाषा चांगली उतरली होती.

त्या आठवड्यात नाईक रोज सकाळी माझ्या झोपडीशी येऊन बसत. अंगणात, पेरूच्या झाडाच्या सावलीत. मी चुलीवर चहा करत असे, ते तंबाखू मळत.

"पुन्यात नाईक असते का, सर?"

"महापौर असतो."

"त्याले सगळ्यांचं इचारा लागते?"

"नाही. निवडून आला की लागत नाही."

"बरं हाय," ते म्हणाले. "झोप येत असन त्याले."

मी हसलो, तेही हसले. मग ते बसून राहिले. एक तास, दीड तास. माझ्या टंकयंत्राकडे पाहत, झाडाकडे पाहत. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "तुमी काई बोलत नाही, सर."

"मी ऐकायला आलोय, नाईक."

"व्हय. लय ऐकता तुमी."

सहाव्या संध्याकाळीही एक जण राहिलेलाच होता. मी लेतूबाईला झिऱ्यावर गाठलं. "उद्या शेवटचा दिवस. साडेपाचला कलेक्टर कचेरी बंद होते. जायला बसने तीन तास लागतात. देवूबाबांशी मी बोलू का?"

तिने घागर कमरेवर घेतली. "त्याच्याशी काहून?"

"कोणाशी तरी बोलायला हवं. एक जण राहिला आहे ना?"

"राह्यला हाय."

"मग?"

"बोलन तो. त्याचं त्याले बोलू द्या." ती दोन पावलं गेली आणि वळली. "तुमाले काय वाटते, बोलन का?"

"मी कसं सांगणार?" मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडलं तरी पाहत राहिली. मग निघून गेली. माझ्या मार्गदर्शकांचं त्याच महिन्यात पत्र आलं होतं: तिथे काहीही घडलं तरी हस्तक्षेप करू नका, त्यांची प्रक्रिया त्यांच्या गतीने होऊ द्या. मी ती होऊ दिली. सातव्या दिवशी दुपारभर झोपडीत बसून मी 'फलितापेक्षा प्रक्रियेला प्राधान्य' या शीर्षकाचं टिपण लिहिलं. नाईक अंगणात होते. साडेपाच वाजले तेव्हा ते उठले, आणि जाताना झोपडीच्या दारात क्षणभर थांबले. मी टंकयंत्रावरून मान वर केली नाही.

*

पुढचं लवकर सांगून टाकतो. राजीनामा अंमलात आला. जमातीची दुसरी स्त्री सदस्य नसल्यामुळे सरपंचपद मुदत संपेपर्यंत रिकामं राहिलं आणि उपसरपंच गुलाबराव बोढे यांनी कारभार पाहिला. पद राखीवच होतं. त्यातलं माणूस तेवढं काढलं गेलं होतं. क्रशरचा ठराव पंधरा दिवसांत झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात झिरा आटला, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकतीसपैकी एकोणीस घरं तिथे नव्हती. माझा प्रबंध विद्यापीठाने गौरवला. त्यानंतर गेली सव्वीस वर्षं, वंचितांना प्रतिनिधित्व कसं द्यावं याचा विचार करणाऱ्या समित्यांवर मला बोलावलं जातं. मी जातो. मानधनाच्या कागदावर सही करतो. चहा बरा असतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बहुधा एखादा आदिवासी प्रतिनिधी असतो, आणि त्याने काही बोलण्याआधी 'मला विचारून सांगावं लागेल' असं म्हटलं की अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात. मीही पाहतो.

आता आठव्या दिवसाची सकाळ.

लेतूबाई आणि नाईक बरोबरच आले. नाईक पेरूखाली त्यांच्या जागी बसले. लेतूबाई उभी राहिली.

"मुदत काल संपली," मी म्हणालो. मला स्वतःच्या आवाजातला राग चांगला वाटला.

"ठाव हाय."

"देवूबाबांनी असं का करावं?"

"देवूनं?" नाईक म्हणाले. "देवूनं पयल्याच दिशी सांगतलं. सोडू नको म्हने."

"मग राहिलं कोण?"

नाईक तंबाखू मळत होते. लेतूबाई माझ्या झोपडीच्या आत पाहत होती. तिथे भिंतीवर मी पोडाचा नकाशा लावला होता. मीच काढलेला, प्रत्येक घराला क्रमांक दिलेला, एक ते एकतीस. बत्तिसावं घरही त्यात होतं. त्याला क्रमांक नव्हता. त्याच्यापुढे मी 'संशोधक' असं लिहिलं होतं.

सहा सकाळी. दीड-दीड तास. नाईक कोणाच्या अंगणात बसले होते?

"मी पोडाचा नाही," मी म्हणालो.

"चूल हाय ना," नाईक म्हणाले. "तुमची चूल मीच पेटवली. बत्तीस चुली हायेत पोडात."

"पण मला कोणी विचारलं नाही!"

"इचारत नसतेत," लेतूबाई म्हणाली. "तुमीच लिवून घेतलं होतं ना."

मी टंकयंत्राच्या स्टुलावर बसलो. बाहेर कोणाचीतरी कोंबडी ओरडत होती. मला अनेक गोष्टी सुचल्या. मत देणं संशोधकाला शोभत नाही. माझ्या मताने निर्णय दूषित झाला असता. माझ्या बाबतीत तरी अपवाद करायला हवा होता. यांतली एकही मी बोललो नाही, याचं श्रेय मला घेता येणार नाही. नाईक पेरूखाली अजून वाट पाहत होते. शेवटी मी म्हणालो, "राजीनामा खोटा आहे. आधी लिहून घेतलेला. तू सोडू नकोस."

नाईक उठले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच समाधान होतं. आठ दिवसांचं काम पुरं झाल्याचं. "झालं मंग," ते म्हणाले. "पोड नाही म्हनते."

"नाईक, आता त्याचा उपयोग नाही. मुदत—"

"सांगा तं लागन. इचारून सांगीन म्हनली होती ती."

दीड कोस आम्ही तिघं चालत गेलो. अर्ज माझ्या पिशवीत होता; कशासाठी घेतला होता, मला माहीत नाही.

पंचायतीत गुलाबराव सरपंचाच्या खुर्चीच्या शेजारच्या, त्यांच्या स्वतःच्या खुर्चीत बसले होते. ती शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली. हिवरकर टपाल फोडत होते. लेतूबाई टेबलासमोर जाऊन उभी राहिली, तिच्या एका बाजूला नाईक, दुसऱ्या बाजूला मी.

"पोड नाही म्हनते," ती म्हणाली. "राजीनामा मी दिला नाही."

हिवरकरांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. "बाई, काल साडेपाचला संपली मुदत. आता हे कुठे लिहू मी?"

"लिवा कुठंबी."

"एक दिवस आधी आल्या असत्या तर..." त्यांचं वाक्य तिथेच राहिलं, आणि ते माझ्याकडे पाहत नाहीत हे माझ्या लक्षात आलं.

गुलाबरावांनी चष्मा काढून पुसला. जिंकलेल्या माणसाला परवडते तेवढी माया त्यांच्या आवाजात होती. "एका दिवसानं गेलं, लेतू. मी म्हनलं नव्हतं? देवू असन. तो म्हातारा अडेलच हाय."

"देवू नाही," नाईक म्हणाले.

"मंग कोन राह्यलं होतं तुमचं?"

"थे सांगत नाही आमी," लेतूबाई म्हणाली.

गुलाबराव हसले. त्यांनी आमच्या तिघांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर स्थिरावली. विद्वान माणूस, या लोकांचे व्यवहार समजून घेणारा.

"डॉक्टर, तुमी तं तिथंच राह्यता. तुमाले ठाऊक असन. कोन राह्यलं होतं?"

लेतूबाई समोर पाहत होती. नाईक समोर पाहत होते. माझ्यासाठी कोणी बोललं नाही.

"त्यांची रीत आहे," मी म्हणालो. "नाव सांगत नाहीत."